मुकादमांची काळी गाडी

३ नोव्हेंबर
जागेवाल्यांचा माणूस परत येऊन गेला. महिनाअखेर शेड रिकामी हवी. सुरूच्या झाडांपर्यंत सगळं सपाट करणार आणि पर्यटकांसाठी खोल्या बांधणार. त्याने आवाज चढवला नाही, मीही नाही. चौतीस वर्षं भाड्याने होतो, कधीतरी हे येणारच होतं.
मेघाला फोन केला. शैला गेल्यापासून ती एकच सांगतेय, बाबा नागपूरला या, काशीदला आता तुमचं कोण आहे. जावयांच्या शेतावर कापसाचं जुनं गोदाम रिकामं पडलंय. म्हणाली, गाड्या पण आणा, इथली हवा कोरडी, गंज लागणार नाही.
हो म्हणालो. किती गाड्या, विचारलं. पाच सांगितल्या. दोन पद्मिनी, अँबॅसेडर, हिरवी जीप, तीनचाकी टेम्पो.
सहावीचं नाव तोंडातून निघालं नाही.

६ नोव्हेंबर
इक्बाल आला सकाळीच. बातमी मोहल्ल्यात पोचली होती. चौथीपासून आम्ही एका बाकावर. मस्कतला अठ्ठावीस वर्षं काढून आला, त्यालाही आता सहा वर्षं झाली, तेव्हापासून रोज दहाच्या चहाला गॅरेजवर असतो. आज चहा घेतला नाही. बाकावर बसून नुसता गाड्यांकडे बघत राहिला.
मग स्वतःच सगळं ठरवून टाकलं. त्याच्या बहिणीचा मुलगा सलीम न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. त्याला सांगतो म्हणाला. लांब ट्रेलर आपल्या रस्त्याला वळायचा नाही, तो वाकण फाट्यावर उभा राहील, इथून एकेक गाडी लहान कॅरियरने तिथं न्यायची. नागपूरपर्यंत सलीमच नेईल, दुसऱ्याच्या हातात द्यायच्या नाहीत.
"आणि मी रोज येतो पॅकिंगला," म्हणाला. "एकट्याने व्हायचं न्हाय तुझ्याने."
नको म्हणायला कारण सापडलं नाही. तीन-चार शोधली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
इ. नमाजाला गेल्यावर मागे गेलो. टायरांची चळत बाजूला केली, मग पत्रा. बऱ्याच वर्षांनी.
आहे. छताला दोन भोकं वाढलीत. मागच्या सीटच्या जागी उंदरांनी काथ्याचा ढीग केलाय. बॉनेट उघडलं नाही. आत काय नाही ते मला पाठ आहे.
इथं तरी नीट लिहावं. ही गाडी इ.च्या वडिलांची. चोपन्न सालची विलायती, काळी, गोल पाठीची. अख्ख्या पंचक्रोशीत ‘मुकादमांची काळी’ म्हणून माहीत. अब्बांचा नारळ-सुपारीचा व्यापार, माल न्यायची शिडाची होडी, मचवा होता, आणि ही गाडी. कुणाची बाई अडली, कुणाला साप चावला, की अब्बा स्वतः चालवत अलिबागला न्यायचे, हिंदू-मुसलमान बघायचे नाहीत. शैला लग्न होऊन आली ती याच गाडीतून. अब्बांनी पुढे झेंडूची माळ बांधली होती आणि सगळा रस्ता हॉर्न वाजवत आले होते.
इ. मस्कतला निघाला तेव्हा गाडी बंद पडून दोन वर्षं झालेली. ती माझ्या दारात ढकलत आणली आम्ही दोघांनी. म्हणाला, दत्ता, सवडीने कर, पण तूच कर. अब्बांना एकदा तिच्यातून फिरव.
पत्रा परत लावला. टायर परत रचले. इ. आला तेव्हा मी कार्बोरेटर पुसत होतो.

९ नोव्हेंबर
पार्ट्स. देवा, किती हे. बेअरिंगांचे डबे, गॅसकेट, डिस्ट्रिब्युटरच्या टोप्या, काचा, दिव्यांच्या रिंगा. शैलाने एके काळी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती. अर्ध्या वाळवीने खाल्ल्या.
इ. खाली मांडी घालून बसतो आणि एकेक वस्तू कागदात गुंडाळतो. तान्हं मूलसुद्धा गुंडाळलं नसतं कुणी इतक्या काळजीने. मधूनच काही हातात धरून विचारतो, हे कशाचं? सांगतो. आज गोल काचेचं छोटं घड्याळ त्याच्या हाताला लागलं, डॅशबोर्डवरचं. हे कशाचं? अँबॅसेडरचं, म्हणालो.
त्याच्या गाडीचं होतं ते. त्याने कानाला लावून बघितलं, आणि गुंडाळलं.

१० नोव्हेंबर
झोप नीट नाही. कालचं घड्याळ.
कसं झालं ते लिहितो. इ. गेल्यावर वर्षभरात पुण्याचे एक डॉक्टर आले. त्यांच्याकडे तशीच गाडी, इंजिनाचा ब्लॉक फुटलेला. मोठमोठ्या मेस्त्रींनी हात टेकलेले. माझं तेव्हा काहीच नव्हतं, स्कूटरी आणि रिक्षा दुरुस्त करत होतो. मी म्हणालो, करून देतो. इ.च्या गाडीचं इंजिन काढून तिच्यात घातलं. मुंबईत भंगारात तसलं दुसरं मिळेल, सहा महिन्यांत बसवून टाकू, असा हिशेब होता.
डॉक्टरांची गाडी शर्यतीत पहिली आली. पेपरात फोटो आला, गाडीशेजारी मी. त्यानंतर लोक लांबून यायला लागले. जे काही नाव झालं ते तिथून.
दुसरं इंजिन मिळालं नाही. मग गिअरबॉक्स गेला, डायनामो गेला, दिवे, दारांच्या मुठी. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढंच.
शैला एकदाच बोलली. "त्या माणसाने तुमच्यावर टाकलंय, आणि तुम्ही त्याची गाडी खाताय." परत कधी काढलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर
इ.ने घरून जेवण आणलं. जुबेदाभाभीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी दिली होती. नागपूरला हे मिळायचं न्हाय, खाऊन घे, म्हणाला.
खाल्लं. भूक होती म्हणून अजूनच वाईट वाटलं.

१४ नोव्हेंबर
अब्बांचं लिहायचं राहिलं होतं. टाळत होतो.
ते तीनदा आले गॅरेजवर. पहिल्यांदा म्हणालो काम चालू आहे, दुसऱ्यांदा म्हणालो पार्ट यायचाय. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा डावा पाय ओढत होता, रिक्षावाल्याने धरून बाकावर आणून बसवलं. त्यांना गाडी बघायची होती. बसायचं नाही म्हणाले, नुसतं बघतो.
मी म्हणालो, चाचा, रंगाला पुण्याला पाठवलीय.
ते खूश झाले. म्हणाले, "काळाच दे हां दत्ता. दुसरा कुठला देऊ नको." मग डोक्यावर हात ठेवला माझ्या. तुझे वडील असते तर त्यांना बरं वाटलं असतं म्हणाले.
पुढच्या पावसाळ्यात गेले. जनाज्याला खांदा दिला मी. त्या खांद्यावर पुष्कळ दिवस हात ठेववत नव्हता.
इ. सुट्टीवर आला तेव्हा त्याला सांगितलं, चेसिस सडली, खारी हवा, भंगारात द्यावी लागली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग मलाच धीर दिला. जाऊ दे, म्हणाला, अब्बाच न्हाय तर गाडी कशाला. तू वाईट वाटून घेऊ नको.
भंगारात मी ती का दिली नाही? कधीतरी परत उभी करीन म्हणून. आणि आपल्याकडचा भंगारवाला गावभर सांगेल म्हणून. दोन्ही खरं. कुठलं जास्त, ते माहीत नाही.

१८ नोव्हेंबर
आज सांगणार होतो. ठरवून गेलो होतो त्याच्या घरी. मोहल्ल्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत वाक्यं तयार होती.
भाभीने सरबत दिलं. समोर भिंतीवर फोटो. अब्बा काळ्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभे, कडेवर इ.ची बहीण. पूर्वी तो आतल्या खोलीत असायचा, आता बाहेर लावलाय.
इ. म्हणाला, तू जाणार म्हणून जुबेदा दोन दिवस गप्प आहे. मग म्हणाला, माझं पण काय खरं न्हाय, सकाळी दहा वाजता जाऊ कुठं?
निघालो. सांगितलं नाही.
परत येताना समुद्राच्या कडेने आलो. घोडेवाले पर्यटकांच्या मुलांना फिरवत होते. एकाने विचारलं, दत्ताशेठ, गॅरेज खरंच बंद? सगळ्यांना माहीत आहे. एवढं गाव मला हात करतं, नमस्कार करतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
हे लिहायला नको वाटतंय, म्हणून लिहितो.
उद्या बाकीच्या गाड्या जाणार. काळी इथं ठेवता येत नाही, जागेवाले शेड तोडणार, मग सगळं गाव बघेल. म्हणून कॅरियरवाल्याला आज दुपारी एकला बोलावलं. बरोबर एकला. इ. जुम्याच्या नमाजाला जातो ती वेळ. पंचावन्न वर्षांच्या मित्राच्या नमाजाची वेळ मी घड्याळात बघितली.
आधीच जीपचे जुने टायर चढवून ठेवले होते. कॅरियरवाल्याने तार लावून ओढली. बाहेर येताना करकरली, बाकावरचा चहावाला वळून बघायला लागला. उन्हात ती मी इतक्या वर्षांत बघितली नव्हती. काळी राहिलेलीच नाही. तपकिरी. घाईघाईने ताडपत्री टाकली, दोरी गुंडाळली.
इ. अपेक्षेपेक्षा लवकर आला. डोक्यावर टोपी तशीच. ही कुठली, विचारलं.
पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची, म्हणालो. सोडून गेला, नुसता सांगाडा आहे.
"आणि ही काय गाठ मारलीस? खोपोलीच्या पुढं जायची न्हाय ताडपत्री."
त्याने माझ्या सगळ्या गाठी सोडल्या. परत बांधायला लागला. एक पाय गाडीला लावून दोरी ताणायची, खाली घ्यायची, परत ताणायची. घाम आला तरी मला हात लावू दिला नाही. अब्बांनी मचव्यावर शिकवलेली गाठ ही, म्हणाला. अब्बा तुझी गाठ बघून हसले असते.
ताडपत्रीवर हात मारून बघितला त्याने, दोनदा. घट्ट बसली.
मी पाणी प्यायला आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

२३ नोव्हेंबर
वाकण फाटा. सगळं चढलं. पुढे जीप आणि टेम्पो, मधे पद्मिन्या, मागे अँबॅसेडर आणि ती. पार्ट्सच्या पेट्या वेगळ्या ट्रकने पुढे गेल्या. जागेवाल्यांना चावी दिली.
इ. फाट्यापर्यंत आला होता. सलीमला दहा सूचना. ब्रेक जपून, टायर बघत जा, काकांना वेळेवर जेवायला घाल. मला मिठी मारली. ट्रेलर सुटल्यावर आरशात तो दिसत होता, कमरेवर हात ठेवून उभा.
सलीम म्हणाला, मामू घरी जाऊन रडणार बघा.
पालीला थांबलो. सलीम म्हणाला, काका तुम्ही दर्शन घेऊन या, मी गाड्यांजवळ थांबतो. बल्लाळेश्वरासमोर उभा राहिलो. दरवेळी काहीतरी मागतो. आज मागायला तोंड नव्हतं. हात जोडून मागे फिरलो.

२४ नोव्हेंबर
समृद्धीला लागलो. सरळ रस्ता, दोन्हीकडे काही नाही. सलीम चांगला चालवतो. चाळिशीचा आहे, दोन मुली. मामूने मस्कतहून पैसे पाठवून शिकवलं, मीच शिकलो नाही म्हणतो. मामूसारखा माणूस नाही म्हणतो. मी हो म्हणतो.
दुपारी थांबलो तेव्हा मागच्या गाडीची ताडपत्री एका बाजूने फाटून फडफडत होती. गाठ शाबूत होती, कापडच गेलं. सलीम वर चढला. मी खाली. त्याने कापड बाजूला केलं आणि तसाच थांबला.
"काका, नानांच्या फोटोतली गाडी सेम अशीच ना?"
इथं सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, घाई नव्हती, ऊनसुद्धा फार नव्हतं.
"त्या काळी असल्या पुष्कळ होत्या," म्हणालो.
हो का, म्हणाला. फोन काढून तिच्याबरोबर स्वतःचा फोटो काढला. मामूला पाठवतो, खूश होईल.
मग ताडपत्री नीट केली. पुढचे दोन तास तो गाणी लावून गुणगुणत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि एकही मैलाचा दगड वाचला नाही.
आधीचं खोटं तरुणपणी, अडचणीत, असं तरी म्हणत होतो. हे आजचं. चौसष्टाव्या वर्षी. कुणी काही विचारलं नसतं तरी चाललं असतं अशा ठिकाणी.

२५ नोव्हेंबर
नागपूर. उतरवल्या सगळ्या. गोदाम मोठं, कोरडं. मेघाने कोपऱ्यात माझ्यासाठी टेबल, पंखा, देवाचा फोटो सगळं लावून ठेवलंय. सहा गाड्या बघून म्हणाली, बाबा पाच म्हणाला होतात. म्हणालो, एक सांगाडा आहे.
सलीम जेवून गेला. जाताना पाया पडला. त्याला अडवायला हवं होतं.

२७ नोव्हेंबर
इ.चा फोन. प्रवास कसा झाला, थंडी किती, जेवणात तिखट फार असेल, असं सगळं. फोटोचं काही बोलला नाही. मी वाट बघत होतो. शेवटी म्हणाला, दहा वाजता गॅरेजच्या जागेपर्यंत जाऊन आलो, सवयीने. पत्रे काढून नेलेत.
फोटो बघितला का नाही कळेना. विचारवेना.

३० नोव्हेंबर
जावयांनी हौसेने इथल्या जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना बोलावलं होतं. सातआठ जण, चांगली माणसं. शाल, नारळ. मेघाने माझी सगळी कहाणी त्यांना आधीच सांगून ठेवलेली. पुण्याच्या डॉक्टरांची गाडी, शर्यत, पेपरातला फोटो. कात्रण तिने लॅमिनेट करून भिंतीला लावलंय. मला माहीतच नव्हतं.
शाल खांद्यावर पडली. अब्बांच्या जनाज्याला दिला तोच हा खांदा, हे मनात आलं आणि मी एकदम खाली बसलो. सगळ्यांना वाटलं प्रवासाचा शीण.
एक वयस्कर गृहस्थ कोपऱ्यात काळीपाशी उभे होते. जाणकार. वाकून इंजिनाची रिकामी जागा बघत होते. बोल्ट कापलेले नाहीत, नीट उघडलेत, म्हणाले. मग मला विचारलं, "हे कोणाची होय हो?"
मी म्हणालो, माझी नाही.
मग कोणाची, मेघाने विचारलं.
म्हणालो, माझ्या मित्राची. त्याने दुरुस्तीला दिली होती. मी तिचं इंजिन काढून त्या गाडीत घातलं. तिथं भिंतीवर आहे ती.
जावयांनी चहा मागवला. ते गृहस्थ माझ्याकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते. लोक लवकर गेले.
मेघा कपबशा गोळा करत होती. मला म्हणाली, "इक्बालकाकांची?" हो म्हणालो. "आणि त्यांना?" नाही माहीत. तिने कपबशा तशाच ठेवल्या आणि घरात गेली. लहानपणी इ. दर सुट्टीत तिला मस्कतची चॉकलेटं आणायचा. तिच्या लग्नात तो मांडवात माझ्यापेक्षा जास्त राबला.
शाल घडी करून ठेवली. मग बाहेर बांधावर जाऊन फोन लावला. चार वाजले असतील.
सगळं सांगितलं. इंजिन, गिअरबॉक्स, डायनामो, घड्याळ. भंगारात दिली नाही हे. शुक्रवारी एक वाजताचं. त्याने स्वतः बांधली ती गाडी कुठली, हे. दोनदा मला वाटलं फोन तुटला.
मग त्याने एकच विचारलं.
"अब्बा आलेले तवा गाडी आतच होती?"
"होती."
"किती लांब?"
म्हणालो, बाकापासून बारा पावलं.
पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तो अंगणात होता. मग म्हणाला, ठेवतो.

२ डिसेंबर
त्याचा फोन नाही. मी केला, उचलला नाही.
मेघा बोलते, पण कामापुरतं. भिंतीवरचं कात्रण काढलं कुणीतरी. तिने का जावयांनी, विचारलं नाही.

४ डिसेंबर
जुबेदाभाभीचा फोन. म्हणाल्या, "दत्ताभाई, थोडे दिवस फोन नका करू." रागाने नाही बोलल्या. तेच जड गेलं. तो जेवतो का, विचारलं. जेवतात म्हणाल्या. रोज सकाळी कब्रस्तानात जाऊन बसतात, दहा वाजता.


६ डिसेंबर
पुण्याला फोन केला. डॉक्टर वारले, मुलगा होता. सभ्य बोलला. गाडी त्याने जयपूरच्या एकाला दिली. नंबर दिला त्याचा. जयपूरवाल्याला फोन लावला, इंजिन परत हवंय म्हणालो. तो हसला. त्याची चूक नाही. चालू गाडीतलं इंजिन काढून कोण देईल? आणि का म्हणून देईल? मी कारण सांगायला गेलो तर त्याने ऐकून घेतलं, पण त्याच्या दृष्टीने ती माझी भानगड. परत फोन करू का, म्हणालो. करा म्हणाला.

७ डिसेंबर
सलीमचा मेसेज. ‘काका तुम्ही मला तरी सांगायचं होतं.’ एवढाच. उत्तर लिहायला तीनदा बसलो. शेवटी ‘हो’ लिहिलं.
त्याने तो फोटो मामूला पाठवला होता. मामूने फक्त विचारलं होतं, काकाने सांगितलं का कोणाची. सलीमने कळवलं, असल्या पुष्कळ होत्या म्हणाले. त्यावर मामू काही बोलला नाही.
म्हणजे सत्तावीस तारखेला त्याने फोन केला तेव्हा त्याच्याजवळ फोटो होता. थंडी किती, विचारत होता. मला सांगायला जागा करून देत होता का? का नुसता आठवण आली म्हणून? मी तेव्हा म्हणालो होतो, थंडी फार नाही.

१० डिसेंबर
बसवेना म्हणून काळीला हात घातला. छत आधी बघायला हवं होतं, पण दारापासून सुरुवात केली. उजवं दार, चालवणाऱ्याचं. पॉलिश पेपर घेऊन पाणी मारत घासलं. गंजाचे पापुद्रे निघतात, खाली ठिकठिकाणी चांगला पत्रा आहे. विलायती जाड पत्रा. एका जागी मूळचा काळा रंग निघाला, अंगठ्याएवढा. तिथं घासलं नाही.
मेघा दुपारी आली. उभी राहिली. म्हणाली, हे कशासाठी करताय बाबा? त्यांच्यासाठी का तुमच्यासाठी?
माहीत असतं तर सांगितलं असतं.
ती गेली नाही मात्र. बादलीतलं पाणी बदलून आणून दिलं.

१३ डिसेंबर
इ.चा मेसेज, आवाजातला. पंधरा सेकंदांचा. मेघाला बाहेर बोलावून तिच्यासमोर लावला, एकट्याने ऐकायची हिंमत झाली नाही.
"दत्ता. गाडीला हात लावू नको. हाय तशी राहू दे. मी येऊन बघतो. कधी येतो ते विचारू नको."
आवाज त्याचाच, पण वाचून दाखवल्यासारखा. मेघाने परत लावला. मग परत. तिसऱ्या वेळी मी नको म्हणालो.
तिने विचारलं, येतील का? म्हणालो, त्याने म्हटलंय. बघायला येईल, एवढंच म्हटलंय. बघून काय करेल, घेऊन जाईल, का तोंडावर बोलेल, का न बोलताच परत जाईल, मला नाही सांगता येत. पूर्वी सांगता आलं असतं, इक्बाल काय करेल ते.
ती वरची खोली झाडायला गेली.
गोदामात आलो. उजव्या दाराचा अर्धा पत्रा घासून उघडा पडलाय, पांढरा. अर्धा गंजलेलाच. असा उघडा पत्रा ठेवू नये, निदान तेलाचा हात तरी फिरवावा, नाहीतर आठ दिवसांत परत गंज धरतो, कोरड्या हवेतसुद्धा. हा कुणी शिकवायचा विषय नाही, हात आपोआप तेलाच्या डब्याकडे गेला.
डबा उचलला आणि परत ठेवला. धरू दे गंज. हाय तशी म्हणाला आहे तो.